एका भट्टीपुरती मालकीण

गोदाबाईचं काम पोकळी बनवण्याचं.

हे ऐकून कुणाला वाटेल, बाई कीर्तन करते. तसं नाही. अकोल्याच्या एमआयडीसीत गोवर्धनभाऊंची छोटी फाउंड्री आहे. तिथे भंगार आणि कच्चं लोखंड वितळवतात आणि रेतीच्या साच्यात ओततात. पाण्याच्या पंपाच्या बॉड्या, दालमिलच्या पुल्या, आटाचक्कीचे पाय. वऱ्हाडातली डाळ ज्या चाकांच्या जोरावर भरडली जाते, ती चाकं अशाच कुठल्यातरी काळ्या शेडमधून निघतात. डाळ खाणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्याला वरणात मीठ कमी आहे एवढंच ठाऊक असतं.

पुलीचं काम सोपं. लाकडी नमुना रेतीत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, मागे राहिलेल्या ठशात लोखंड ओतायचं. पण पंप आतून पोकळ लागतो. भरीव पंपातून पाणी निघत नाही. निघत असतं तर त्याची एखादी योजना आली असती. आणि वितळलेल्या लोखंडाला रिकाम्या जागेचं वावडं असतं. ते दिसेल तो कोपरा भरतं. म्हणून जिथे पोकळी हवी, तिथे आधीच भाजलेल्या रेतीचा एक ठोकळा बसवून ठेवतात. त्याला कोअर म्हणतात. लोखंड त्याच्याभोवती थिजतं. मग हातोड्याने ठोकून आतली रेती पाडून टाकतात. रेती गेली की उरते ती पोकळी. पाणी तिच्यातूनच खेळतं.

म्हणजे गोदाबाई जे बनवते, ते दर वेळी फोडून टाकायचंच असतं. तिने आयुष्यभर बनवलेल्या वस्तूंपैकी एकही वस्तू आज जगात शिल्लक नाही. लेखकांचं याच्या बरोबर उलटं असतं. त्यांची पोकळी जपून ठेवतात, भोवती लोखंड मात्र कुणी ओतत नाही.

यामुळे ती नम्र वगैरे झाली असेल, असं समजू नये. अख्ख्या शेडमध्ये तिच्याइतकं चालणारं तोंड दुसरं नाही. भट्टीच्या सूर्यभान मिस्त्रीला खुद्द भाऊ दबकून असतात. तो सूर्यभान गोदाबाईच्या ओट्यावरून जाताना पावलं न वाजवता जातो. एकदा तो तिचा कोअर कच्चा आहे असं म्हणाला होता. ती म्हणाली, "माहा कोअर कच्चा नाई, तुही नजर कच्ची हाय." कोअर फोडून पाहिला. पक्का निघाला. सूर्यभानने पुढच्याच महिन्यात चष्मा केला.

तिची कृती ठरलेली होती. रेतीत मळी आणि जवसाचं तेल कालवायचं. लाकडी पेटीत दाबून भरायचं, पेटी उघडून ओला कोअर ट्रेमध्ये मांडायचा. मग सायकलची एक सरळ तार त्याच्यात आरपार खुपसून काढायची. मग ट्रे ओव्हनमध्ये, कोअर भाकरीसारखा तांबूस होईपर्यंत. यातली तार सगळ्यांत महत्त्वाची. लोखंड अंगाला लागलं की कोअरमधली मळी आणि तेल जळतं. त्याचा वायू होतो. तारेने पाडलेल्या भोकातून तो गुपचूप बाहेर निघून जातो. भोक नसेल तर तो लोखंडातूनच रस्ता काढतो.

"देवानं माणसालेबी असं एक भोक देल्लं असतं," गोदाबाई म्हणायची, "तं निम्मी भांडणं झालीच नसती." तिला स्वतःला अशा भोकाची गरज नव्हती. तिचं तोंड होतं.

तर अशा गोदाबाईला नितेश नावाचा एक मुलगा होता. तो बालवाडीत असतानाच नवरा गेला. नितेश अमरावतीला शिकला आणि तिथेच एका विमा कंपनीला लागला. अजून न घडलेल्या गोष्टींची भीती घरोघर पोचवणं, हे त्याचं काम. तिथेच त्याला श्रावणी भेटली. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, आणि तिचे वडील वकील होते. नारायणराव. जिल्हा न्यायालयात त्यांची इतकी वर्षं गेली होती की ते मेथीच्या जुडीचीही उलटतपासणी घेत.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुमच्या मातोश्री काय करतात?"

साधा प्रश्न होता. उत्तरही साधं होतं. कोअर बनवते. पण वकीलसाहेबांच्या मागे काळ्या बांधणीच्या पुस्तकांची भिंत होती आणि हातात पितळी चमच्याची पोह्यांची बशी होती. नितेशने तोंड उघडलं तेव्हा त्यात खरंच कोअर होता, असं तो अजून शपथेवर सांगतो. बाहेर पडलं ते असं, "अकोल्याला फाउंड्री आहे आईची. ती मालकीण आहे."

वकीलसाहेबांनी बशी खाली ठेवली. "उद्योजिका," ते म्हणाले. त्यांनी हा शब्द असा उच्चारला, की तो नाकारणं उद्धटपणाचं झालं असतं. नितेश उद्धट नव्हता.

श्रावणीला खरं माहीत होतं. तिने बाहेर आल्यावर त्याला झापलं आणि मग म्हणाली, बाबांना हळूहळू सांगू. शिकलेली माणसं खरं नेहमी हळूहळू सांगतात. पुष्कळदा समोरचा मरेपर्यंत सवड मिळते. इथे मिळाली नाही. वकीलसाहेबांनी आठवडाभरात आपल्या बाररूममध्ये, नागपूरच्या थोरल्या भावाकडे आणि अचलपूरच्या मेहुण्याकडे होणाऱ्या विहिणीच्या फाउंड्रीची बातमी पोचवली. आणि मग कळवलं, की सुपारी फोडण्याआधी एकदा कारखाना पाहून येऊ. ज्या दिवशी लोखंड ओततात, त्याच दिवशी.

नितेश शनिवारी अकोल्याला आला. आईने वाढलेलं जेवला. मग सांगितलं.

गोदाबाईने ताटं उचलली, घासली, हात पुसले. मग तिने विचारलं, की खोटंच सांगायचं होतं तर विमानांची कंपनी का नाही सांगितली. नितेश म्हणाला, तोंडून गेलं. लाज वाटते का म्हणून तिने विचारलं. तो नाही म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली. ही दोन्ही उत्तरं एकदम देता येतात, हे तिला तेव्हा कळलं.

पण पोरगं बापासारखं हट्टी होतं. श्रावणी नाही तर लग्नच नाही, असं त्याने म्हटलं असतं तर तिने ऐकून सोडून दिलं असतं. तो नुसता भिंतीकडे पाहत बसला. ते तिला पाहवलं नाही.

"एकच दिवस," ती म्हणाली. "तुह्या सासऱ्याले पाहू दे मालकीण कशी असते ते. मलेबी पाह्यचीच हाय."

राहता राहिले खरे मालक. गोवर्धनभाऊंना विचारायला ती सोमवारी गेली. विचारायला म्हणजे सांगायला. भाऊ आधी हसले. मग म्हणाले, मी काय करू? ती म्हणाली, तुम्ही मॅनेजर व्हा, कामाला लागा, तब्येतीला बरं. भाऊंनी नाही म्हटलं असतं, पण पंपांची मोठी ऑर्डर अर्धी राहिली होती आणि दुसरी कोअरवाली अकोल्यात नव्हती. त्यांची एकच अट होती. त्या दिवशीच्या भट्टीचे कोअर सकाळी पूर्ण झाले पाहिजेत. मालकीण झाली म्हणून कोअर राहिले, असं चालणार नाही.

एकाच गोष्टीवर अडलं. ऑफिसात भिंतीवर भाऊंच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. तो उतरवायला भाऊ तयार होईनात. शेवटी वडील तसेच ठेवले, आणि एका दिवसापुरते ते गोदाबाईचे सासरे ठरले.

भट्टीचा शुक्रवार उजाडला. गोदाबाई पहाटेच ओट्यावर हजर झाली. ट्रेमागून ट्रे भरत गेला. शेवटचा ट्रे राहिला आणि नितेशचा अमरावतीहून फोन आला. पाहुण्यांना घेऊन निघण्याआधी त्याला आईची उजळणी घ्यायची होती. ती मोबाइल खांद्यात आणि कानात दाबून कोअर भरत राहिली.

"मले म्हणू नको आई. मला म्हण."

"मला म्हण."

"अगं, मला म्हण असं नाही. नुसतं मला."

"नुसतं मला."

"आई."

"आयकून राहिली ना बाप्पा, बोल."

त्याने मग तिला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. खुर्चीत मांडी घालायची नाही. चहा बशीत ओतायचा नाही. भाऊंना भाऊ म्हणायचं नाही, गोवर्धन म्हणायचं. हातांवर काही लावायचं, कारण मळीने नखं तपकिरी झालेली असतात. उलाढाल विचारली तर हसायचं. ती हं हं करत राहिली. तिच्या पोटात राग साठत होता, आणि तो कुठूनच बाहेर काढायचा नव्हता, कारण पोराचं लग्न होतं. फोन संपला तेव्हा शेवटचा ट्रे भरून झाला होता. तिने तो उचलून ओव्हनमध्ये सरकवला आणि हात धुवायला गेली.

त्या ट्रेला तार मारायची राहिली होती. आजवर असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे तसं झालं असेल हे तिच्या मनातही आलं नाही.

दुपारी पाहुणे आले. वकीलसाहेब, त्यांच्या पत्नी सिंधूताई, श्रावणी आणि घामाघूम नितेश. गोदाबाई मोरपंखी रेशमी लुगडं नेसून भाऊंच्या फिरत्या खुर्चीत बसली होती. पाय जमिनीला पुरत नव्हते, म्हणून तिने टेबलाखाली एक पालथी बादली घेतली होती. वकीलसाहेबांनी भिंतीवरच्या फोटोला हात जोडले. "आपले सासरे?" त्यांनी विचारलं. गोदाबाईने डोळे मिटून मान हलवली. दारात उभ्या असलेल्या गोवर्धनभाऊंना आपले वडील असे गेलेले पाहून खोकला आला.

"गोवर्धन," मालकीणबाई म्हणाल्या, "पाहुण्याईले चहा सांग."

भाऊंनी चहा सांगितला. मग आणून दिला. मग त्यांना या कामाची गोडी लागली. पाहुण्यांसमोर ते म्हणाले, की मॅडम, कामगारांचे दिवाळीचे पैसे वाढवा असं सगळे म्हणताहेत. दर वर्षी हे वाक्य गोदाबाई त्यांना ऐकवायची. गोदाबाईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "वाढोले समज." भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वकीलसाहेब साक्षीदार होते, आणि वकील.

नंतर सगळे शेडमध्ये गेले. कुपोला म्हणतात ती उभी भट्टी पेटलेली होती. सूर्यभान आणि त्याची माणसं तयार होती. वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली. रेती वितळत कशी नाही? लोखंड साच्यात उतरतं तर आतली हवा जाते कुठे? आणि मुख्य म्हणजे, एकाच ओतण्यात वस्तू आतून पोकळ होते कशी?

हा प्रश्न गोदाबाईला कुणी कधी विचारला नव्हता. ती मले-मला सगळं विसरली.

"आंबा पायला ना तुमी? आंब्यात कोय असते. लोखंड म्हंजे आंब्याचा गर, आन् कोअर म्हंजे कोय. आपल्याले आंबा ठेवाचा हाय आन् कोय काढून फेकाची हाय. म्हून कोय अशी पाह्यजे का आगीत उभी राह्यली पाह्यजे, आन् काम झाल्यावर भुकटी झाली पाह्यजे. लय पक्की केली तं निंगत नाई. लय कच्ची केली तं लोखंडात वाहून जाते. समजलं?"

वकीलसाहेबांना समजलं. सिंधूताईंनाही समजलं, त्या प्रथमच काहीतरी बोलल्या, म्हणजे अगदी सासरी गेलेल्या लेकीसारखंच की, असं म्हणाल्या. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पुन्हा गप्प झाल्या.

"मालकाला कामाची एवढी बारीक माहिती असणं दुर्मिळ झालंय," वकीलसाहेब नितेशला म्हणाले. नितेशने कृतज्ञतेने घाम पुसला. मागे उभ्या भाऊंनी हे मनावर घेतलं.

भट्टीचं तोंड फोडलं. पिवळं धमक लोखंड लांब दांड्याच्या भांड्यात उतरलं. दोघांनी ते उचललं, सूर्यभानने तिरकं केलं, धार साच्याच्या तोंडात गेली. एक साचा भरला, दुसरा भरला. लोखंड शांतपणे चढत होतं. रेतीच्या फटींतून निळसर ज्योती निघत होत्या, ती कोअरमधली हवा, कशी सरळ जाऊन राहिली पाहा, असं गोदाबाई दाखवत होती. श्रावणी मोबाइलवर हे सगळं घेत होती. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की नितेशने पहिल्यांदा श्वास पूर्ण घेतला.

मग शेवटच्या ओळीतले साचे आले.

त्यातल्या पहिल्या साच्यातून निळी ज्योत निघाली नाही. गोदाबाईने ती शोधली. दिसली नाही. तिच्या हाताला आधी कळलं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासले गेले, तार धरल्यासारखे, आणि मधे तार नव्हती. सकाळचा फोन तिला आठवला. ती काही बोलणार तोवर साच्यातून गडगड असा आवाज आला. लोखंड भरल्या तोंडातून परत वर आलं, उतू जाणाऱ्या दुधासारखं फुगलं, आणि फुटलं. ठिणग्यांचं झाड उभं राहिलं. सूर्यभानने "हटा" म्हणून ओरडून भांडं मागे घेतलं. वकीलसाहेब कायद्याला न शोभणाऱ्या चपळाईने रेतीच्या ढिगावर चढले. त्यांचा एक बूट वाटेतच राहिला.

कुणाला लागलं नाही. साचा थोडा वेळ गुरगुरला आणि गप्प झाला. सूर्यभानने चष्मा पुसला, गोदाबाईकडे पाहिलं, आणि तोंडात आलेलं वाक्य गिळलं. इतक्या वर्षांत मिळालेली एकमेव संधी, आणि ती अशी वाया गेली. त्याचं दुःख त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"हे काय झालं?" ढिगावरून वकीलसाहेबांनी विचारलं.

गोदाबाई उत्तर देईना. म्हणून मॅनेजरने दिलं.

"कोअरले भोक पाडलं नसंन साहेब. हवा निंगाले जागा भेटली नाई. हे उरलेले बी आता ओतता येत नाईत. गेला माल." भाऊंचं हे म्हणणं खरं होतं आणि एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्यांचे चार-पाच पंप गेले होते, दिवाळीचे पैसे वाढले होते, वडील गेले होते, आणि गोदाबाईबद्दल तिच्यासमोर बोलता येईल असा दिवस पुन्हा उगवणार नव्हता. "आमची कोअरवाली बाई हाय एक. तिचीच चुकी. तोंड चालते तिचं, हात चालत नाई. कोणाचं आयकत नाई. मालकाले मालक समजत नाई."

"कुठे आहे ती?"

"आज आली नाही," नितेश घाईने म्हणाला.

वकीलसाहेब ढिगावरून उतरले, बुटात पाय घातला, आणि मालकीणबाईंकडे वळले. आता ते सल्ला देणार होते, आणि तोही फुकट, जे त्यांच्या घराण्यात प्रथमच घडत होतं.

"विहीणबाई, आपण आता एका घरातले होणार, म्हणून सांगतो. आज इथे माणूस भाजला असता. अशा बाईला एक दिवस ठेवू नका. काढून टाका. नोटीस मी लिहून देतो, तिला कुठल्या कोर्टात जाता येणार नाही."

गोदाबाईने नितेशकडे पाहिलं. ती त्याला काही विचारत नव्हती. नुसती पाहत होती. त्यानेही तिच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "बरोबर आहे काकांचं. काढून टाकू तिला, आई."

भाऊंनासुद्धा हे जरा जास्त वाटलं.

गोदाबाईने रेशमी लुगड्याचा पदर कमरेला खोचला. ती उसळलेल्या साच्याजवळ गेली, वाकली, त्याच्यावर हात धरून धग पाहिली. मग उभी राहिली.

"काढाची असंन तं तोंडावर काढा," ती म्हणाली. "हे काय, इथंच तं उभी हाय."

वकीलसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं.

"इकडं पाहा, वकीलसाहेब. कोअर माहे हायेत. शेवटच्या ट्रेले तार माराची राह्यली. कोणं फोन केला, काहून राह्यली, त्याचं काई नाई. हात माहे होते, राह्यलं मायाकडून. सूर्यभान भाजला असता तं तेबी मायावर होतं. फाउंड्री ह्यायची हाय, हे गोवर्धनभाऊ, आन् तुमी हात जोडले ते ह्यायचे बाप. माह्या सासऱ्याचा फोटोच नाई, बारशीटाकळीत त्या टायमाले कोणं काढला फोटो? मी इथं कोअर बनोते. आन् हे पोरगं माहं हाय. ह्यानं आत्ताच मले कामावरून काढलं."

नितेश खाली बसला. रेतीतच.

वकीलसाहेबांनी बूट काढून त्यातली रेती झटकली. माणूस वाईट नव्हता. फसवणूक, तोतयेगिरी, कलमं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं. मग त्यांनी लेकीला विचारलं, तुला माहीत होतं? श्रावणी हो म्हणाली. किती दिवसांपासून? पहिल्यापासून. आणि ती पुढे म्हणाली, की बाबा, मी याच्याशीच लग्न करणार, पण याला आधी आईची माफी मागू दे. एवढं बोलून ती नितेशच्या शेजारी रेतीत बसली नाही. उभीच राहिली. गोदाबाईला पोरगी तिथेच पसंत पडली.

नितेशने माफी मागितली. ती ऐकण्यासारखी नव्हती. लिहिण्यासारखी तर नाहीच. गोदाबाईने मधेच थांबवून नाक पुसायला सांगितलं.

मग वकीलसाहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, की मुलगा बरा आहे, तुम्ही तर चांगल्याच आहात. प्रश्न एवढाच आहे, की मी सगळीकडे सांगून बसलोय. नागपूरला, अचलपूरला, बाररूममध्ये. आता शब्द फिरवला तर चाळीस वर्षांची इभ्रत जाते. तेव्हा लग्नापुरतं तुम्हीच मालकीण राहिलात तर?

गोदाबाईने कपाळाला हात लावला. खोटं सांगणारा पोरगा तिला एक ठाऊक होता. आता दोन झाले.

"लगन होऊ द्या का नका होऊ द्या, तुमची मर्जी," ती म्हणाली. "पण मालकीण मी एका भट्टीपुरतीच होती. त्या एका दिवसात पंप गेले, नोकरी गेली, पोरगं हातचं जाता जाता राह्यलं. मले नाई जमत तो धंदा. कोणं विचारलं तं मी कोअरवाली हाय असंच सांगीन."

"मग मला काहीतरी मार्ग काढावा लागेल," वकीलसाहेब म्हणाले, आणि गाडीत बसले. गाडीने मूर्तिजापूर सोडेपर्यंत त्यांनी तो काढला असावा.

साखरपुडा अमरावतीला एका हॉलमध्ये झाला. गोदाबाई सुती लुगड्यात गेली, सोबत गोवर्धनभाऊ आणि सूर्यभान. दारातच नागपूरचे थोरले भाऊ पुढे आले आणि त्यांनी भाऊंचा हात हातात घेतला. अभिनंदन, ते म्हणाले, चालता कारखाना मिळाला तुम्हाला. आजकाल कोण विकतं? भाऊंना काही उमगेना. मग हळूहळू उमगलं. गोदाबाईंनी आपली फाउंड्री गोवर्धनभाऊंना विकली, वयोमानाप्रमाणे जबाबदारी नको म्हणून, पण हाताला सवय असल्याने हौसेखातर अजून कामाला जातात, अशी बातमी सगळ्या अमरावतीत पोचली होती. भाऊंनी स्वतःच्या वडिलांनी उभारलेला कारखाना आपण विकत घेतला नाही, हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. तीन जणांनी त्यांना भाव काय पडला ते विचारलं. भाऊंनी मग जिलबी घेतली.

गोदाबाईकडे बायकांचा घोळका आला. अचलपूरच्या मामींनी तिचे हात हातात घेतले. तपकिरी नखं, मनगटापर्यंत भाजल्याचे डाग.

"अजूनही स्वतः काम करता म्हणे तुम्ही?"

"स्वतः नाई तं काय," गोदाबाई म्हणाली. "पगारी हाय मी. मालकीण-बिलकीण काई नोती कधी. कोअर बनोते. रेतीत मळी घालाची, तेल घालाचं, पेटीत दाबाचं." आणि तिने तिथेच एका द्रोणात रव्याचा लाडू फोडून सगळं करून दाखवलं, कुठे दाबायचं, कुठे तार मारायची, मारली नाही तर काय होतं. खरं ते सगळं सांगितलं, पगाराच्या आकड्यासकट.

बायका तल्लीन होऊन ऐकत होत्या. मामींचे डोळे पाणावले.

"बघा," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "एवढं सगळं असून माणसाने किती साधं असावं."

गोदाबाईने सूर्यभानकडे पाहिलं, की तू तरी सांग. सूर्यभानने चष्मा काढून खिशात ठेवला, आणि द्रोणातला फुटका लाडू खायला घेतला.